समेटाला बक्षीस नको, बळ द्या

गावाच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ असा फलक महाराष्ट्रात अजूनही जागोजागी दिसतो. त्यामागची मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याआधी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून गावागावांत चढाओढ लावून दिली होती आणि तिला भरभरून प्रतिसाद मिळाला होता. बक्षिसाच्या ईर्षेने गाव झाडून निघतं, तर भांडणांच्या बाबतीत ते का होऊ नये, असा सरळ विचार महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागे होता. ग्रामसभेने समिती निवडायची. तिच्यात गावातली जाणती माणसं, सोबत पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक. गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंटे नोंदवून काढायचे, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून मिटवायचे. मग मूल्यमापन, गुण, आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंतचं बक्षीस.

ही योजना शेवटचं वाक्य सोडलं तर बरोबर होती असं माझं मत आहे. शेजारपाजारची भांडणं कोर्टात जाण्याआधी वस्तीतच मिटावीत आणि त्यासाठी सरकारने व्यवस्था उभी करावी, हे मला पूर्ण पटतं. पण समेट झाला म्हणून बक्षीस देणं हे सरकारचं काम नाही. समेट करायला निघालेल्या दोन माणसांचा खर्च आणि खेटे कमी करायचे, आणि झालेला समेट उद्या कोणी मोडला तर त्याच्यामागे कायदा उभा करायचा, हे सरकारचं काम. आपल्याकडे आजवर बहुतेक उलटंच झालं आहे.

आधी शेजाऱ्यांचं भांडण कोर्टात का फसतं ते पाहू. शहरातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे गळती. वरच्या बाथरूममधून खालच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पंख्याच्या हुकापाशी पाणी ठिबकायला लागतं. खालचे वर जाऊन सांगतात. वरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे, ती सोसायटीची पाइपलाइन असेल. महिनाभरात दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं आणि सेक्रेटरीला पत्रं जायला लागतात. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ यांची दुरुस्ती सोसायटीकडे आणि सदनिकेच्या आतली सदस्याकडे. म्हणजे पाणी येतंय कुठून हे ठरल्याशिवाय खर्च कोणाचा हे ठरत नाही. आणि ते ठरवायचं तर वरच्यांनी दार उघडायला हवं. बाथरूमच्या मोरीचं तोंड बोळा घालून बंद करायचं, लादीवर रंग टाकून पाणी साठवायचं, दिवसभर तसंच ठेवायचं आणि खाली काय उतरतं ते बघायचं. एका प्लंबरचं काम आहे.

तेच प्रकरण दाव्यात नेलं की पहिला प्रश्न येतो, जायचं कुठे? सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात, की दिवाणी न्यायालयात? यावरच एक-दोन तारखा जातात. मग समन्स, कैफियत, पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज, त्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं, कमिशनरची फी कोणी भरायची यावर युक्तिवाद. एका पावसाळ्याची ओल चार पावसाळे चालते. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत, त्या ढिगात ही आणखी एक. यात न्यायाधीशाचा दोष नाही. दाव्यात जे मागितलं आहे तेवढ्याचंच उत्तर त्याला देता येतं. दाव्यात लिहिलेलं असतं ‘नुकसानभरपाई मिळावी’. ‘गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हे माझ्या आईला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले’ असं त्यात कोणी लिहीत नाही. भांडण मात्र पुष्कळदा तिथेच पेटलेलं असतं. आणि निकाल कोणाच्याही बाजूने लागो, दुसऱ्या दिवशी दोघांनी त्याच जिन्याने जायचं असतं. मालाच्या पैशांवरून भांडलेले दोन व्यापारी पुढे एकमेकांशी व्यवहार बंद करू शकतात. शेजाऱ्यांना ती सोय नाही.

पोलीस ठाण्याचा रस्ता जवळचा वाटतो, पण तोही फार लांब नेत नाही. शिवीगाळ आणि किरकोळ धमकीची बहुतेक वेळा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. भांडण वारंवार झालं तर दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस करून शांतता राखण्याचं हमीपत्र लिहून घेतलं जातं. ज्याने खरोखर त्रास सोसला तोही त्रास देणाऱ्याच्या शेजारी उभा राहून तेच हमीपत्र लिहून देतो. पुढच्या वेळी त्याचं मन अधिकच कडू झालेलं असतं.

गावाकडे गळतीची जागा बांध घेतो. बांध कोरला, सरी वाढवली, वहिवाटीचा रस्ता अडवला. मोजणी मागवली की मोजणीवरच आक्षेप, कारण अर्ज एकाने केलेला असतो आणि दुसऱ्याला वाटतं की मोजणीदार त्याने फिरवला. अशा वेळी कसलेला मध्यस्थ बांध कोणाचा हा प्रश्न बाजूलाच ठेवतो. मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करायचा, फी निम्मी निम्मी भरायची आणि खुणा रोवण्याआधीच लिहून द्यायचं की रेघ कुठेही येवो, आम्ही ती मानू. जमिनीचा वाद मिटायच्या आधी मोजणीबद्दलचा अविश्वास मिटवावा लागतो, आणि तो मिटला की बांध पुष्कळदा आपोआप सुटतो. कोर्टाला हा क्रम उलटा करता येत नाही. गावातल्या माणसाला करता येतो, म्हणूनच तंटामुक्तीची कल्पना मला आजही मोलाची वाटते.

मग बक्षिसाने काय बिघडलं? तंट्यांची मोजदाद सुरू झाली की मिटलेला तंटा हा गुण होतो आणि न मिटलेला तंटा गावाच्या बक्षिसाच्या आड येणारा माणूस होतो. तक्रार मागे घ्यायला तयार नसलेली बाई, जातिवाचक शिवीबद्दल गुन्हा दाखल करा म्हणणारा तरुण, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडायला नकार देणारी बहीण, यांच्याकडे मग अख्खं गाव ‘आपले पैसे अडवून बसलेत’ अशा नजरेने पाहू लागतं. समितीने कोणालाही धमकावण्याची गरजच उरत नाही, बक्षीसच ते काम करतं. दुसरीकडे सहज मिटणारी, कदाचित मुळात नोंदवायची गरजही नसलेली कुरबुर वहीत चढवून ‘मिटली’ म्हणून दाखवण्याचा मोह होतो. हे सगळ्या गावांत झालं असं मी म्हणत नाही. पुष्कळ समित्यांनी मनापासून काम केलं, भावाभावांचे अबोले सोडवले, आंतरजातीय लग्नं लावून दिली. पण रचनेचा ओढा कुठे होता ते पाहायला हवं. तंटामुक्ती अध्यक्षपदाच्या निवडीवरून ग्रामसभेत हातघाई झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्या वाचून हसायला येतं, पण ज्या पदामागे निधी आणि मान आहे त्यावरून राजकारण होणारच.

बक्षीस नसताना काय होतं याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधायला घेतल्या. नेत्यांना आणि ‘प्रतिष्ठितां’ना टाळून साधी माणसं निवडली, दोन्ही समाजांतली, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस शिपाई. नळावरच्या, गटाराच्या, पोरांच्या भांडणांत या कमिट्या पडत राहिल्या. मग डिसेंबर १९९२ आला, मुंबई पेटली, आणि जवळची भिवंडी शांत राहिली. सगळं श्रेय कमिट्यांचंच असं म्हणणं जरा जास्त होईल, पण ज्या शहराची सगळ्यांना धास्ती होती ते पेटलं नाही, ही वस्तुस्थिती आहे. मला यातली निवड महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मध्यस्थ म्हटलं की लगेच नगरसेवक, माजी सरपंच, मोठा बागायतदार डोळ्यांपुढे येतो. त्याच्या शब्दाला वजन असतं हे खरं. पण त्याच वजनाखाली कमकुवत बाजू ‘हो’ म्हणून जाते आणि घरी गेल्यावर रडते.

इथे कोणीतरी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण काढणार. ती म्हण पुष्कळदा बळी तो कान पिळी या न्यायाने वापरली जाते आणि कान पिळणाराच ती ऐकवत असतो. महाडचं चवदार तळं हाही एका अर्थाने वस्तीतल्या पाण्याचाच वाद होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी पाणी घेतल्यावर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. पुढे काही सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा लावला आणि डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला. आंबेडकरांनी तो पाळला, पाणी घेण्याचा बेत थांबवला आणि खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं लागली. गावकीत बसून हा वाद शंभर वर्षांत मिटला नसता, आणि मिटला असता तर ‘तुमच्यासाठी वेगळा पाणवठा खोदून देतो’ अशा तडजोडीने मिटला असता.

म्हणून कोणता वाद मध्यस्थीने मिटवावा आणि कोणता मिटवू नये, यासाठी माझ्यापुरती एक चाचणी आहे. वादातल्या दोन्ही पक्षांची मनातल्या मनात अदलाबदल करून पाहायची. गळतीच्या वादात वरचे खाली आणि खालचे वर आणले, तर मध्यस्थाचा सूर बदलेल का? बदलणार नसेल तर खुशाल बसा. पण मार खाणारी सून आणि मारणारा नवरा, किंवा मंदिरासमोरून वरात नेऊ पाहणारा दलित नवरदेव आणि ती अडवणारी माणसं, यांची अदलाबदल केल्यावर सगळ्या बैठकीची भाषाच बदलणार असेल, तर तो वाद समेटाचा नाही, हक्काचा आहे. तिथे मध्यस्थाने एकच काम करावं: पोलीस ठाण्यापर्यंत किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलापर्यंत सोबत जावं.

जात पंचायतीची आठवणही इथे टाळता येत नाही. तिथेही ‘आपापसात मिटवा’ हेच सांगितलं जायचं आणि न ऐकणाऱ्याला दंड व्हायचा, वाळीत टाकलं जायचं. ते थांबवण्यासाठी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ मध्ये लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. वस्तीच्या मध्यस्थीने या इतिहासापासून लांब राहायचं असेल तर मध्यस्थाच्या हाती शिक्षा नसावी, निर्णय नसावा आणि बैठक सोडून उठून जाण्याचा प्रत्येकाचा हक्क शेवटपर्यंत शाबूत असावा. उठून गेलेल्याबद्दल समितीने बाहेर एक अक्षरही बोलता कामा नये.

आता केंद्राच्या मध्यस्थी कायद्याकडे वळतो. २०२३ च्या या कायद्यात ‘सामुदायिक मध्यस्थी’ला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कलम ४३ आणि ४४. एखाद्या भागातल्या रहिवाशांमधली किंवा कुटुंबांमधली शांतता बिघडवू शकेल असा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती असेल तर, तीन मध्यस्थांसमोर नेता येतो. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि ते नसेल तिथे जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे. कल्पना चांगली आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये कायद्याची काही कलमं लागू करण्यात आली तेव्हा त्यांत ही दोन नव्हती. त्याहून मोठी गोम पुढे आहे. याच कायद्याप्रमाणे इतर मध्यस्थीतून झालेला करार न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. सामुदायिक मध्यस्थीतला करार मात्र तसा आणता येत नाही, असं कलम ४४ स्पष्ट सांगतं. दोन कंपन्यांच्या तडजोडीला कायद्याचं बळ, आणि दोन शेजाऱ्यांच्या तडजोडीला फक्त सदिच्छा.

यामागची भीती मला समजते. गावच्या पंचांनी लिहून घेतलेल्या कागदाला हुकूमनाम्याचा दर्जा दिला तर जात पंचायत मागल्या दाराने परत येईल. भीती रास्त आहे, पण तिच्यावरचं औषध घरातच पडलेलं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे अजून कोर्टात न गेलेला वाद, लोकअदालतीत नेता येतो. तिथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही. वस्तीत झालेला समेट या लोकअदालतीच्या टेबलावर आणायचा. तिथला न्यायिक अधिकारी आणि वकील दोन्ही पक्षांना एकेकटं विचारतील: कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला कळलं का, कोणी दबाव आणला का, हे नाही केलं तर काय होईल ते माहीत आहे का? उत्तरं नीट आली तर निवाडा लिहायचा. मध्यस्थाला सत्ता नाही, कराराला मात्र बळ, अशी विभागणी यातून साधते. अडचण एवढीच की आज आपल्या लोकअदालतींतला दाखलपूर्व प्रकरणांचा गठ्ठा बँकांच्या थकीत कर्जांनी, वीजबिलांनी आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या नोटिसांनी फुगलेला असतो. आकडे उत्तम दिसतात. बांधावरच्या दोन भावांना त्या रांगेत जागा मिळत नाही.

या सगळ्यात मला एका योजनेचं विशेष कौतुक वाटतं, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सलोखा योजना आणली. एकाच्या सातबाऱ्यावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याची पहिला कसतो, अशी उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत. काही जुन्या तोंडी अदलाबदलीतून आलेली, काही शेतजमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी झालेल्या चुकांतून. दोघांनाही मान्य असतं की जो कसतोय त्याच्याच नावावर जमीन व्हावी. पण अदलाबदलीचा दस्त करायचा तर मुद्रांक शुल्क बाजारभावावर. शेतकऱ्याला ते परवडत नाही, म्हणून कागद होत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत कोणीतरी सातबारा काढून आणतो व भांडण उभं राहतं. सलोखा योजनेने एवढंच केलं: परस्परांचा ताबा किमान बारा वर्षांचा असेल आणि दोघे राजी असतील तर मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये. कोणाला बक्षीस नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. समेटाच्या वाटेत सरकारचीच एक धोंड होती, ती सरकारने उचलली.

हीच रीत पुढे न्यावी. दोन्ही खातेदारांनी मिळून केलेल्या मोजणी अर्जाची फी निम्मी करा. लोकअदालतीतून झालेल्या वाटणीच्या कागदांचा खर्च कमी करा. गळतीच्या तपासणीसाठी महापालिकेने माफक दरात तज्ज्ञ अभियंता उपलब्ध करून द्यावा, ज्याला वरचे आणि खालचे दोघेही ओळखत नसतील. आणि मध्यस्थाला मानधन द्यायचंच असेल तर बैठकीप्रमाणे द्या, समेटाप्रमाणे कधीच नको.

शहरात मध्यस्थ कोण, हा प्रश्न गावापेक्षा अवघड आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत आणि त्यांच्यातली भांडणं कार्यकारिणीने मिटवावीत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. पण पार्किंगचं वाटप, भाडेकरूला द्यायचं ना हरकत पत्र, देखभाल खर्चाची थकबाकी, कुत्र्यांना खायला घालण्याची जागा, या वादांत कार्यकारिणी स्वतःच एक पक्ष असते. तीन वर्षं खुर्चीत बसलेला सेक्रेटरी मध्यस्थ कसा होणार? २०२३ च्या कायद्याने मध्यस्थांच्या यादीत रहिवासी संघटनांच्या प्रतिनिधींना स्थान दिलं आहे, आणि स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाबद्दल मात्र ‘विचार करता येईल’ इतकी मऊ भाषा वापरली आहे. मी असतो तर हे उलटं लिहिलं असतं. तिघांतली एक तरी बाई असलीच पाहिजे आणि त्या सोसायटीचा पदाधिकारी असताच कामा नये. शेजारच्या पेठेतली, शेजारच्या प्रभागातली माणसं बोलवा. वस्ती कळण्याइतकी जवळची आणि कोणाच्या बारशाचं जेवण न जेवलेली. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले लोक यांत फार चांगले निघू शकतात. ऐकून घेण्याची सवय आणि कागद वाचायची शिस्त, दोन्ही त्यांच्याकडे असते.

राहिला सक्तीचा प्रश्न. श्रीलंकेत १९८८ च्या कायद्याने मध्यस्थी मंडळं आली. ठरावीक रकमेखालचे वाद आणि काही किरकोळ गुन्हे आधी मंडळापुढे न्यावे लागतात आणि ‘समेट झाला नाही’ असं प्रमाणपत्र असल्याशिवाय न्यायालयाचं दार उघडत नाही. आपल्याकडेही २०२१ च्या मध्यस्थी विधेयकात दाव्याआधी मध्यस्थीची सक्ती सुचवली होती, संसदीय समितीने तिच्यावर आक्षेप घेतला आणि अखेर कायद्यात ती ऐच्छिक राहिली. ते योग्यच झालं. ठरावीक रकमेवरच्या व्यापारी दाव्यांत सक्ती आहे, आणि तिथे समोरचा पक्ष पुष्कळदा येतच नाही, मग मध्यस्थी केंद्र ‘नॉन-स्टार्टर’, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही, असा शेरा मारून कागद परत देतं. शेजाऱ्यांच्या वादात सक्ती केली तर आणखी एक खिडकी, आणखी एक शिक्का, एवढंच होईल. शिवाय ज्याने रातोरात भिंत घातली त्याला वेळच हवा असतो. बेकायदा काढून घेतलेला ताबा परत मागण्याचा झटपट दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. अडवलेल्या रस्त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे जायचं तरी मुदत सहा महिन्यांचीच. ‘आपण बसू, बोलू’ म्हणत चार बैठका लांबवल्या की समोरच्याचा हक्कच बुडतो. केंद्राच्या कायद्याने साध्या मध्यस्थीला एकशेवीस दिवस दिले आहेत. शेजाऱ्यांच्या भांडणाला मी तीस देईन. तिसाव्या दिवशी समेट झाला तर कागद लोकअदालतीकडे, नाही झाला तर एका ओळीचं पत्र, आणि ज्याला जायचंय त्याने दुसऱ्याच दिवशी कोर्टात जावं. पाडकाम, ताबा, मारहाण अशा बाबतींत तर बैठकीची वाटच पाहू नये, मनाई हुकूम आधी घ्यावा आणि बोलणी त्याच्या आडोशाने करावीत.

वकिलांचा याला विरोध होईल असं म्हणतात. मला तितकं वाटत नाही. तालुक्याच्या वकिलाला भावकीच्या वाटणीचे पंधरा वर्षं चालणारे दावे फार काही देत नाहीत. पक्षकार तिसऱ्या वर्षी फी द्यायचं बंद करतो. समेटाचा कागद नीट लिहिणं हेही वकिलाचंच काम आहे, आणि तो वाईट लिहिला की पुढचं भांडण त्या कागदावरूनच होतं. ‘शेजाऱ्याला त्रास देणार नाही’ असं लिहून काही उपयोग नसतो. ‘रात्री दहानंतर पाण्याची मोटर लावणार नाही, दुरुस्ती १५ मेपूर्वी करणार, खर्चाचे इतके रुपये वरच्यांनी आणि इतके खालच्यांनी द्यायचे, काम झाल्यावर दोघांनी मिळून पाहणी करायची’ असं लिहिलं तर पुढे दोघांनाही काय ते कळतं.

यातलं बरंचसं करायला नवा कायदा लागत नाही. तालुका विधी सेवा समित्या आहेत, त्यांच्याकडे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक आहेत, लोकअदालतीच्या तारखा ठरलेल्या असतात. एका तालुक्याने किंवा एका महापालिका प्रभागाने ठरवलं तर पुढच्या महिन्यात सुरुवात होईल. फक्त बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला, तहसील कचेरीच्या आवारात ठेवू नये. मजुरी बुडवून, रजा टाकून माणसं समेटाला येत नाहीत. झेडपीची शाळा किंवा पालिकेची शाळा संध्याकाळी मोकळीच असते. सात वाजता, जेवणाच्या आधी बसावं. भूक लागली की माणसं मुद्द्यावर लवकर येतात, हा अनुभव कुठल्याही लग्नाच्या बैठकीत बसलेल्याला आहेच.